दत्तू, तुझी ताटं कुठल्या फळीवर ठेवू?

दत्तू, तुझ्या तेराव्याची ताटं धुऊन परत आली. तू असतास तर पहिलं ताट उचलून खिडकीच्या उजेडात धरलं असतंस, कडेवरून बोट फिरवलं असतंस आणि म्हणाला असतास, "वसंता भिया, तेल राहिलंय." मीही तसंच केलं. तेल राहिलं होतं. आपल्याच गल्लीतल्या मंडळींनी धुतली होती, त्यामुळे फारसं नवल वाटलं नाही. सभागृहामागच्या आपल्या खोलीत बसून मी ती एकट्याने पुन्हा घासली. स्वतःच्या तेराव्याची भांडीसुद्धा तू मला घासायला लावलीस, आणि या वेळी विसळायला शेजारी नव्हतास.

तू कुठे जन्मलास, कुठे नोकरी केलीस, हे सगळं तुझ्या पुतण्याने, श्रीरंगने, पेपरात दिलं आहे. 'सामाजिक कार्याची आवड' एवढंही त्यात आहे. भांड्यांचं नाव नाही. अख्ख्या देवासात तुला लोक ज्या ताटांमुळे ओळखत होते ती ताटं त्या चौकटीत मावली नसावीत.

श्रीरंग बंगलोरला परत जाण्याआधी एक खोका खोलीत ठेवून गेला. आत नवी कोरी स्टीलची ताटं आहेत, जाड, चांगल्या घाटाची. काकांच्या आठवणीसाठी तुमच्या भांडी-बँकेला, कार्याला फुकट ताटं देणाऱ्या या खोलीला, द्यायची आहेत म्हणाला. त्यावर नाव घालून घ्या, पण मजकूर तुम्हीच सांगा, माझी मराठी लिहायची वेळ आली की गडबड होते. बिचारा हिंदी शाळेत शिकलेला, 'स्मरणार्थ' लिहिताना र कुठे चढवायचा म्हणून मला विचारत होता. मी हो म्हटलं. तो गेल्यावर खोक्यासमोर बसलो आणि लक्षात आलं की आपलं भांडण जिथे अडलं होतं, बरोबर तिथेच मला एकट्याला सोडून तू उठून गेला आहेस.

तू म्हणायचास ताटावर नाव नको. मी म्हणायचो नाव हवं. इतकं साधं भांडण इतकी वर्षं चालवायला दोन रिकामटेकडे म्हातारेच लागतात.

सुरुवात आठवते? गणपतीचा भंडारा झाला की थर्माकोलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचा थर दिलेले द्रोण सभागृहामागच्या नाल्यात जायचे. काठावर उरलेल्या ढिगाला सकाळी कोणीतरी काडी लावायचं. धूर पहिल्यांदा आमच्या घरात यायचा, कारण नाल्याला लागून आमचीच भिंत. कुसुमला, तुझ्या वहिनीला, दम्याचा त्रास. ती उशी पाठीशी घेऊन बसायची आणि मी खिडक्या लावत फिरायचो. एकदा तू दूध घेऊन आलास, तिला तसं बसलेलं पाहिलंस, चहासुद्धा न घेता गेलास. थोड्या वेळाने मागच्या बाजूला आवाज आला म्हणून पाहिलं, तर तू काठीने नाल्यातले द्रोण ओढून काढत होतास. पँट गुडघ्यापर्यंत वर, चष्मा खिशात.

पुढे तू सगळ्यांना गाय प्लॅस्टिक खाते, नाला तुंबतो, डास होतात, हीच कारणं सांगितलीस. ती खरीच होती. पण पहिलं कारण कुसुमचा खोकला होता, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. कुसुम शेवटची दोन-तीन वर्षं खिडकी उघडी ठेवून झोपू शकली, एवढंच सांगायचं राहून गेलं. आज सांगतो आहे.

मग आपण घरोघर फिरलो. तुझं म्हणणं असं की आपल्या मराठी घरांच्या माळ्यांवर अख्ख्या शहराला जेवू घालता येईल इतकी भांडी पडून आहेत. मुलांच्या लग्नासाठी जपून ठेवलेली. लग्नं होऊन गेली, मुलं पुण्या-बंगलोरला गेली, भांडी माळ्यावरच राहिली. तू शिडीवर चढायचास, मी खाली हात पसरून उभा राहायचो आणि घरातली बाई म्हणायची, अहो ते पातेलं नको, ते आईंचं आहे. थोड्या वेळाने तेही खाली यायचं. नियम तू एकट्याने ठरवलेस. कोणीही न्यावं, कुठल्याही जातीचं, कुठल्याही मोहल्ल्यातलं. भाडं नाही. फक्त धुऊन आणायचं आणि उष्टं मागच्या खड्ड्यात टाकायचं, म्हणजे खत होईल. त्या खताची पपई तू मला प्रसादासारखी आणून द्यायचास. फिक्की असायची, पण मी खायचो.

घोळ झाला तो नावांचा. आपल्या लोकांना नाव घातल्याशिवाय भांडं भांडं वाटत नाही. चमच्यावरसुद्धा नाव. आलेल्या ताटांपैकी अर्धी लग्नामुंजीतली, 'चि. सौ. कां.' वगैरे, आणि अर्धी 'कै. अमुकअमुक यांच्या स्मरणार्थ'. आपण दोघांनी ती बुद्धिमंतांसारखी एकावर एक रचली आणि पहिल्याच लग्नाला पाठवून दिली. वरपक्ष नागपूरचा. पहिली पंगत बसली, भात-वरण वाढून झालं, आणि नवरदेवाच्या आत्याने ताटाच्या कडेवरचं वाचलं. तिने शेजारणीचं वाचलं. मग सगळी पंगत अन्न सोडून ताटं वाचायला लागली. मंगलकार्यात कैलासवासी मंडळींच्या ताटात जेवायचं म्हणजे काय, असा आत्याबाईंचा सवाल होता. तू हात जोडून फिरत होतास आणि मी केळीची पानं आणायला धावलो होतो.

त्यानंतर मी खोलीत दोन फळ्या ठोकून घेतल्या. वरची शुभकार्याची, खालची दिवसकार्याची. तुला ते आवडलं नाही. पालथ्या पातेल्यावर, तुझ्या नेहमीच्या जागी बसून तू मला म्हणालास, "वसंता, तू पण ना भिया, थाळीची पण कुंडली काढून राहिला." तुझा उपाय एकच, नावं घासून टाका. मी म्हटलं, नाव घासलंस तर उद्यापासून एक चमचा मिळणार नाही. माणूस देतो तो मागे काहीतरी राहावं म्हणून देतो. तू म्हणालास, मग देऊ नये. त्या दिवशी आपण वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेलो, आणि दोन्ही रस्ते एकाच गल्लीत निघत असल्यामुळे कोपऱ्यावर पुन्हा भेटलो.

तुझी बाजू कमजोर नव्हती, हे आज मान्य करायला हरकत नाही. गल्लीतल्या त्या काकू, ज्यांना आपली ताटं नाल्यापलीकडच्या वस्तीत गेलेली चालत नव्हती, त्यांनी येऊन सांगितलं की आमच्या नावाची तेवढी बाजूला ठेवा. तू त्यांची सगळी ताटं निवडलीस, पिशवीत भरलीस आणि त्यांच्या ओट्यावर पोचवलीस. परत येऊन मला म्हणालास, "बघ. नाव होतं म्हणून ओळखू आलं. नाहीतर थाळी नुसती थाळी होती." काही महिन्यांनी ती पिशवी खोलीच्या दाराशी आपोआप येऊन पडली. काकू काही बोलल्या नाहीत, तूही नाही. तुझा हा गुण मला जमला नाही. मी असतो तर जाऊन आभार मानून आलो असतो आणि सगळं बिघडवलं असतं.

सरदारपूरच्या बायकांनी आपल्याला बोलावलं होतं, त्यांना तिकडे अशीच बँक काढायची होती. तू त्यांना सांगितलंस, नाव मुळीच घालू देऊ नका. तुझ्यानंतर मी उभा राहिलो आणि सांगितलं, नाव अवश्य घाला. त्या बायका बिचाऱ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. परत येताना बस धारला, माझ्या जन्मगावी, थांबली. 'तुझं माहेर आलं' म्हणून तू नेहमी चिडवायचास, त्या दिवशी तेही केलं नाहीस. इंदूर येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास. मग शेवेची पुडी उघडलीस आणि माझ्यापुढे धरलीस. भांडण मिटलं नव्हतं, पण भूक लागली होती.

कुसुम गेली तेव्हा मी तिच्या नावाची ताटं केली. तू माझ्याबरोबर दुकानात आलास. नाव कडेला न घालता मी मधोमध घालून घेतलं, म्हणजे भात संपला की ती दिसावी. 'कै. सौ. कुसुम'. माझ्याच नियमाप्रमाणे ती खालच्या फळीवर गेली. तेराव्याची, वर्षश्राद्धाची जेवणं तिच्या ताटांत होऊ लागली. हीच रीत, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग रेखाच्या भावाचं लग्न आलं. रेखा म्हणजे नाल्यापलीकडची, अंगणवाडीत काम करते, आपल्या बँकेची सगळ्यात चोख गिऱ्हाईक. तिच्याकडून आलेल्या ताटात तुला कधी तेल सापडलं नाही. आपण दोघं जेवायला गेलो होतो. माझ्यासमोर एक लहान मुलगी बसली होती. कढी-भात संपवून तिने ताटात पाहिलं आणि अक्षरं लावत वाचलं. मला विचारलं, "ये कुसुम कौन है?" मी हातातला घास ताटात ठेवला. तिकडच्या लोकांत 'स्व.' लिहितात, आपलं 'कै.' कोणाला कळत नाही, त्यामुळे पंगतीत कोणी दचकलं नाही. दचकलो तो मीच. तू माझ्या शेजारून वाकून त्या पोरीला म्हणालास, "जिनके यहाँ तू खाना खा री है, वो." पोरीने मान हलवली आणि आणखी नुक्ती, म्हणजे गोड बुंदी, मागितली.

घरी येताना मी तुझ्यावर भडकलो. खालच्या फळीची ताटं लग्नाला कशी गेली? तू सरळ सांगितलंस की तूच घातलीस, आणि पहिल्यांदा नाही, नेहमीच घालतोस. "कुसुमवहिनींना लग्नात मिरवायची किती हौस होती. त्यांना तेराव्याच्या पंगतीतच का बसवून ठेवतो तू?" मी पुढे चालू लागलो. तुला वाटलं मी रागावलो. मी रागावलो नव्हतो, दत्तू. मला तोंड लपवायचं होतं. ती मुलगी, ती कढी, आणि मधोमध कुसुम, त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं तितकं ती गेल्यानंतर कधी वाटलं नव्हतं. हे तुला सांगायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी आठवडाभर तोंड फुगवून बसलो, आणि ताटं खालच्या फळीवर परत ठेवताना दर वेळी तुझ्याकडे बघून खाकरत राहिलो.

इंदूरच्या इस्पितळात तुला शेवटचं भेटलो तेव्हाही आपण तोच विषय काढला. दुसरं काय बोलणार? तुझा आवाज बसला होता. मी म्हटलं, बरा हो, मग तुझ्या नावाची ताटं करून वरच्या फळीवर ठेवतो, जिवंतपणीच. तू हसलास. म्हणालास, "नावाबद्दल माझ्याकडे एक मुद्दा आहे. तुझं तोंडच बंद होईल. उद्या सांगतो." नर्सने मला बाहेर काढलं. मी बसमध्ये बसून तुझा मुद्दा काय असेल आणि त्याला काय उत्तर द्यायचं याची तयारी करत देवासला आलो.

तयारी वाया गेली.

तुझ्या अस्थी घेऊन श्रीरंगबरोबर नेमावरला, नर्मदेवर, मी आलो होतो. तो पाण्यात उतरला आणि मी घाटावर उभा राहिलो. कोणीतरी दिवे सोडलेले प्लॅस्टिकचे द्रोण काठाला येऊन लागले होते. मी नकळत वाकून गोळा करायला लागलो. हात भरले तेव्हा मागे वळून सवयीने तुला म्हटलं, पिशवी दे. श्रीरंग पाण्यात, आणि मागे एक अनोळखी माणूस. त्याने बिचाऱ्याने खरंच पिशवी दिली.

तेव्हापासून माझी एक वेगळीच अडचण झाली आहे. माझ्याशी कोणी वादच घालत नाही. सभागृहाच्या समितीची तरुण मंडळी 'हो काका' म्हणतात. मुलगा पुण्याहून फोनवर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो. मी मुद्दाम चुकीचं बोललो तरी मान हलवतात. खोलीत जातो, कुलूप उघडतो, सवयीने मोठ्याने काहीतरी बोलतो आणि पुढून विरोध येत नाही. माणूस एकटा पडतो म्हणजे काय, हे मला कुसुम गेल्यावर कळलं असं मी समजत होतो. तेव्हा निम्मंच कळलं होतं. तेव्हा तू होतास, रोज संध्याकाळी येऊन माझं म्हणणं खोडून काढायला.

परवा शेवटी तो खोका रिक्षात घालून नावं घालणाऱ्याच्या दुकानात गेलो. मजकूर मी मनात तयार केला होता. तुझं ऐकायचं नाही असं ठरवूनच निघालो होतो, कारण मला तुझं नाव कुठेतरी वाचायला हवं आहे. कुसुमचं आहे, तुझंही हवं. एवढा स्वार्थ मला चालेल असं वाटलं. दुकानदाराने एक ताट उलटसुलट पाहिलं, यंत्र हातात घेतलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "शादी की है के गमी की?"

त्याचा प्रश्न साधा होता. लग्नाची असली तर तो कडेला वेल काढतो, दुखवट्याची असली तर नुसती अक्षरं. मी तोंड उघडलं आणि मला ती खालची फळी दिसली. माझीच फळी, मीच ठोकलेली. 'कै. दत्तात्रय' लिहिलं की तू तिथे जाणार. आयुष्यात एकही लग्न न चुकवलेला माणूस, आमंत्रण नसलं तरी ताटं पोचवायच्या निमित्ताने जाऊन दोन लाडू जास्त खाणारा, तू यापुढे फक्त तेराव्याला जाणार. आणि तुला चोरून वरच्या गठ्ठ्यात घालायला कोणी नाही. ते काम तुझं होतं.

मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, नाम नी डालना? मी नाही म्हटलं. त्याच रिक्षाने परत आलो. खोलीत कोरी ताटं मांडून बसलो तर वरच्या फळीला ती चालत होती आणि खालच्या फळीलाही. कुठे ठेवायची तेच कळेना. शेवटी दाराशी जमिनीवरच ठेवली.

आज सकाळी रेखा आली. वस्तीत एका मुलीचं लग्न आहे, ताटं न्यायची होती. तुझ्याबद्दल ती आधीच येऊन रडून गेली होती. गठ्ठे पोत्यात भरता भरता म्हणाली की श्रीरंगभैयाने काकांची ताटं दिली असं ऐकलं, ती पण न्यायची आहेत, मुलीच्या आईने सांगितलंय, दत्तूदादांची ताटं पंगतीत पाहिजेतच. मी दाराशी बोट दाखवलं. तिने एक ताट उचललं, पुसलं, कडेने पाहिलं, मधोमध पाहिलं, उलटं करून पाहिलं. मी खालमानेने कुलपाशी चाळा करत राहिलो. आता ती विचारणार आणि मला सगळं सांगावं लागणार, असं वाटलं.

"नाम नी है," ती म्हणाली. मग ताट पोत्यात ठेवत, अगदी सहज म्हणाली, "फिर तो दत्तू दादा की ही हैं."

ती पोती घेऊन गेली. ती निघण्याआधी मी आणखी एक गोष्ट केली, तीही सांगून टाकतो. कुसुमची ताटं खालच्या फळीवरून काढून रेखाच्या दुसऱ्या पोत्यात घातली. या वेळी मी खाकरलो नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. इतकी वर्षं भांडलो, आणि रेखाने ताट पोत्यात ठेवता ठेवता निकाल लावला. मग एकदम वाटलं, इस्पितळात तू उद्यावर टाकलेला मुद्दा हाच होता का? म्हणून मी ते विचारायला तुझ्याकडे वळलो.

पातेलं पालथंच होतं, तू ठेवलं होतंस तसं.